पूर्वाश्रमीचा रॉकी

बेवारस किंवा सोडून दिलेली कुत्री काही काळ घरी ठेवायची, त्यांना माणसांत राहायची सवय लावायची आणि कायमचं घर मिळालं की पाठवणी करायची, हा उद्योग मी पुण्यात बरीच वर्षं करते आहे. पाठवणी झाली की पहिल्या आठवड्यातच नव्या घरून फोन येतो. जंताचं औषध कधी द्यायचं, आंघोळ आत्ताच घालायची का, जिना का चढत नाही, अशा चौकशा होतात आणि शेवटी जरा चाचरत विचारलं जातं, "ताई, नाव बदललं तर चालेल ना?" चालेल. पण कोणाचं लगेच बदलायचं, कोणाचं राहू द्यायचं आणि बदलायचं तर कसं, हे फोनवर सांगून होत नाही. तेव्हा एकदाच सविस्तर.

१. आधीचं नाव कुणी ठेवलं, ते विचारा

संस्थेतून आलेल्या पिल्लाचं नाव ही बहुतेक वेळा नुसती नोंद असते. बांधकामाच्या वाळूतून नाहीतर नाल्याकाठून चार-पाच पिल्लं एकदम उचलून आणलेली असतात आणि लसीच्या कार्डावर काहीतरी लिहावं लागतं. मग कार्यकर्त्या मुलींना जे सुचेल ते. एका वेताची चार पिल्लं माझ्याकडे आली, त्यांची नावं होती पोळी, भाकरी, थालीपीठ आणि धिरडं. ठेवणारीला बहुधा भूक लागली होती. आपण धिरडं आहोत याची धिरड्याला गंधवार्ताही नव्हती. असलं नाव बदलताना मनाला काही लावून घेऊ नका. घरी आणल्या दिवशीच बदला.

दुसऱ्या टोकाला सात वर्षांचा लॅब्रॅडॉर. घरची तरुण मंडळी परदेशी गेली, आजी-आजोबांना तो आवरेना, म्हणून माझ्याकडे आला. नाव ब्रूनो. ज्यांनी त्याला नेलं त्यांना ते नाव फारच सर्रास वाटत होतं, आणि ते आहेच. मी म्हटलं, त्याचं घर गेलं, माणसं गेली, झोपायची जागा गेली, जेवणाची वेळ बदलली. नाव तेवढं असू द्या त्याच्यापाशी. त्यांनी असू दिलं.

२. गल्लीतल्या कुत्र्याला दारागणिक एक नाव असतं

आमच्या गल्लीत एक तांबूस कुत्री होती. कानाला खाच, म्हणजे नसबंदी झालेली. टपरीवाल्याची ती टायगर. समोरच्या इमारतीतल्या आजींची राणी. शाळेत जाणाऱ्या मुलांची ब्राउनी. आणि आमच्या वॉचमनमामांची काळी. ती काळी नव्हती, पण मामांच्या गावच्या कुत्रीचं नाव काळी होतं आणि त्यांच्या लेखी तेवढं पुरेसं होतं.

चारही नावांना ती ओ द्यायची, पण सारखी नाही. 'टायगर' म्हटलं की बसल्या जागेवरून शेपटी हलवायची. टपरीवर ग्लुकोज बिस्किटाचा अर्धा तुकडा मिळायचा, त्यासाठी उठण्यात अर्थ नव्हता. 'ब्राउनी' म्हटलं तर मुलांच्या हातात डबा आहे का ते आधी बघायची. 'राणी' ऐकलं की मात्र रस्ता ओलांडून धावत जायची, कारण तिथे दूधभात असायचा. 'काळी'ला ती मामांच्या पायाशी जाऊन झोपायची. तिथे खायला काहीच नसायचं, पण रात्री गेटच्या आत घेणारं तेवढं एकच माणूस होतं.

तिला घर मिळालं तेव्हा त्या लोकांनी विचारलं, "हिचं खरं नाव कुठलं?" मी त्यांना दूधभाताची हकिकत सांगितली. राणी ठेवणं त्यांना शक्य नव्हतं, ते त्यांच्या सख्ख्या आत्याचं नाव. मग रेणू ठेवलं. आवडत्या जुन्या नावाशी आवाजाने जवळचं असलेलं नाव कुत्रं लवकर उचलतं, असा माझा अनुभव आहे. रेणूने तर आठवडाभरात उचललं.

या नावांखेरीज आपल्याकडच्या गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याला आणखी दोन हाका पाठ असतात. 'यू यू' आली की जायचं आणि 'हाड' आलं की पळायचं. त्याबद्दल पुढे सांगते.

३. दोन नावं त्याला जड होत नाहीत

बिचारं गोंधळून जाईल का, ही काळजी माणसांची. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातले मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक जॉन पिली यांनी चेसर या बॉर्डर कॉली कुत्रीला १,०२२ खेळण्यांची नावं शिकवली होती. त्यावरचा शोधनिबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. तुमचं कुत्रं चेसर नसेल, माझ्याकडे आलेलंही एकही नव्हतं, पण हजाराच्या जागी दोन म्हणजे काही फार मागणं नाही.

नाव बदललेल्या कुत्र्यांत सगळ्यांत प्रसिद्ध लायका. मॉस्कोच्या रस्त्यावरून उचललेली ही कुत्री आधी कुद्र्यावका होती. ३ नोव्हेंबर १९५७ ला स्पुतनिक-२ मधून अवकाशात गेली ती लायका म्हणून, आणि अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी तिचं 'मटनिक' करून टाकलं. ती परत येणार नाही हे पाठवणाऱ्यांना ठाऊकच होतं. माणसांनी तिचं जे जे केलं, त्यात नाव बदलणं ही सर्वांत निरुपद्रवी गोष्ट.

४. नाव ऐकल्यावर ते काय करतं, ते बघा

रॉकी जेजुरी रस्त्यावरच्या एका बंगल्याच्या आवारात साखळीला बांधलेला असायचा. लांब मुस्कट, आत गेलेलं पोट, कारवानी रक्त असावं. त्याला 'रॉकी' म्हटलं की कान मागे जायचे, शेपटी पोटाखाली, जीभ ओठांवरून फिरायची आणि तोंड भिंतीकडे. बघणारे म्हणायचे, नाव ओळखत नाही. तो चांगलंच ओळखत होता. त्या नावापाठोपाठ काय यायचं, हे विचारायला मी त्या बंगल्यावर गेले नाही.

अशा नावाच्या बाबतीत हळूहळू वगैरे काही करायचं नाही. त्याच दिवशी टाकून द्यायचं, आणि नवं नाव जुन्याला जोडूनही घ्यायचं नाही. नाहीतर जुन्याची धास्ती नव्याला चिकटते. रॉकीचा आम्ही खंड्या केला. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच आणि हा आला होताही तिकडूनच.

जुनं नाव पुसलं जातं असं मात्र समजू नका. बागेत कुणी दुसऱ्याच रॉकीला हाक मारली की खंड्या आजही चालता चालता थबकतो. अशा वेळी 'काही नाही हं बाळा' करत त्याला कुरवाळत बसायची गरज नाही. मी पट्टा सैल ठेवते आणि चालत राहते. दोन पावलांनी तोही येतो.

५. हाक मारून काम सांगू नका

हे वाक्य माझ्या सासूबाईंचं. त्यांना कुत्र्यांचं विशेष काही नाही. सून आणते, म्हणून घरात आहेत. रॉकीच्या नावाची चर्चा चालली होती तेव्हा त्या लसूण सोलत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बदला खुशाल. पण पहिले काही दिवस हाक मारून काम सांगू नका त्याला."

त्यांच्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने त्यांचं नवं नाव लिहिलं गेलं. कोणतं हवं, असं कुणी विचारलं नव्हतं. तशी रीतच नव्हती. पहिले काही आठवडे त्या नावाने हाक आली की त्या मागे वळून बघायच्या, दुसरं कोणी उभं आहे का म्हणून. पुढे सवय झाली. "नाव अंगवळणी पडायला वेळ नाही लागत गं," त्या म्हणाल्या, "पण हाक आली की काम आलंच. पाणी आण, पाट मांड, दूध वर आलं बघ. 'ये, बस जरा' एवढंच म्हणायला त्या नावाने कुणी बोलावल्याचं मला आठवत नाही. भाऊबीजेला दादा यायचा, तो दारातूनच जुन्या नावाने हाक मारायचा. तेव्हा हातातलं टाकून जायची मी."

कुत्र्यांच्या प्रशिक्षणावरची पुस्तकं मी पुष्कळ वाचली आहेत. त्यांत हेच सांगायला पानंच्या पानं लागतात. नव्या नावाने बोलावून औषध पाजायचं नाही. नखं कापायची नाहीत. आंघोळीला ओढायचं नाही, खोलीत कोंडायचं नाही. ही कामं टळत नाहीतच, पण ती हाक न मारता करा. आपण उठून कुत्र्यापाशी जा. रागवायचं असेल तर नाव न घेता रागवा, आमच्याकडे त्यासाठी नुसतं 'ए' चालतं. सुरुवातीला त्या नावामागून फक्त चांगलं यावं: खाऊ, खाजवणं, फिरायला जाणं, कधी नुसतंच शेजारी बसणं.

नवऱ्याला हे जमायचं नाही. तो खुर्चीतून "खंड्या, सोफ्यावरून उतर!" म्हणायचा आणि स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अरे, काम सांगू नकोस त्याला!" खंड्या अर्थातच सोफ्यावर.

६. पद्धत सोपी आहे, क्रम मात्र पाळा

शांत खोली, टीव्ही बंद. मीठ-मसाला न घालता उकडलेल्या चिकनचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे हाताशी. शाकाहारी घर असेल तर पनीर, आणि गल्लीतून आलेल्याला कधीकधी पोळीही पुरते. नाव एकदाच, स्पष्ट म्हणायचं. मान वळली, नुसता कान वळला तरी लगेच तुकडा द्यायचा. आठ-दहा वेळा झालं की थांबायचं, त्याला कंटाळा यायच्या आत. दिवसातून तीन-चारदा एवढं बस झालं. पहिल्या दिवशी ते तुमच्या आवाजाला वळेल, नावाला नाही. असू द्या. मग ते दुसरीकडे बघत असताना हाक मारा, पुढे गॅलरीत, जिन्यात, गेटपाशी. भाजीच्या गाडीभोवती गर्दी असताना वळलं की समजा नाव लागलं. कुत्र्यांना हे जमतं. मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली दाखवलं की मागे बोलण्याचा गलका नावाच्या हाकेइतकाच मोठा असला, तरी कुत्री त्यातून स्वतःचं नाव वेगळं काढतात. आमच्या घरात तेवढा गलका रोजचाच.

एक करू नका. दिवसभर उगाच नावाचा जप करू नका. ज्या आवाजामागून काहीच येत नाही, त्याकडे कुत्रं लक्ष देणं सोडतं, मग ते पंख्याची घरघर असो की स्वतःचं नाव.

जुनं नाव आवडीचं असेल तर त्याची मदत घेता येते. आधी नवं, क्षणभर थांबून जुनं, मग खाऊ: "रेणू… राणी." बरेच जण उलट करतात. जुनं आधी घेतलं की कुत्रं त्यावरच वळतं आणि पुढचा शब्द ऐकायची त्याला गरजच उरत नाही. पावलॉव्हच्या कुत्र्यांनाही खूण आधी मिळायची आणि अन्न नंतर. पाच-सात दिवसांनी जुनं नाव हलक्या आवाजात घ्यायला लागायचं आणि मग गाळून टाकायचं.

किती दिवस लागतील, हे मी सांगत नाही. प्रशिक्षकांमध्ये तीन-तीन-तीनचा ठोकताळा चालतो: नव्या घरात बुजरेपणा जायला ३ दिवस, दिनक्रम कळायला ३ आठवडे, घर आपलं वाटायला ३ महिने. ठोकताळाच तो. पण पहिल्या तीन दिवसांत ते नावाला वळलं नाही म्हणून निराश होऊन पुन्हा नवं नाव शोधू नका. त्या दिवसांत ते कशालाच नीट वळत नसतं.

७. आवाज तपासून घ्या

एका घराने गल्लीतून आणलेल्या गुबगुबीत पिल्लाचं नाव हार्डी ठेवलं, लॉरेल आणि हार्डीमधला. हाक मारली की पिल्लू पलंगाखाली. मला बोलावलं, तेव्हा मी आधी त्या घरातल्या आजोबांना हाक मारायला लावली. त्यांनी खास आपल्या खणखणीत आवाजात हाक मारली आणि सगळ्यांना उलगडा झाला. जन्मापासून दारोदार 'हाड' ऐकलेल्या जिवाला पुढचा 'डी' ऐकत थांबायला सवड कुठली! त्याचा लॉरेल झाला.

दुसऱ्या एका घरातला बॉस. त्याला मराठीतून 'बस' शिकवत होते. हाक मारली की तो बसायचा आणि 'बस' म्हटलं की जवळ यायचा. त्याच्याकडून तो बरोबरच होता. निको नावाच्या एका पिल्लाला दिवसभर 'नको, नको' ऐकून स्वतःचं महत्त्व फारच वाढल्यासारखं वाटत असणार. तेव्हा घरात ज्या भाषेत आज्ञा देणार, त्या भाषेतले शब्द आधी कागदावर लिहा आणि नाव त्यांच्याशेजारी मोठ्याने म्हणून बघा.

शिवाय सोन्या, राजा, पिल्लू, बाळ ही नावं बहुतेक घरांत माणसांवर खर्च झालेली असतात. 'राजा, जेवायला ये' म्हटल्यावर नातू आणि कुत्रा दोघंही आले तर दोघांचाही गोंधळ. आणि ठरवलेलं नाव गॅलरीत उभं राहून तीनदा ओरडून पाहा. सोसायटीच्या सेक्रेटरींना घरी बंड्या म्हणतात, हे आमच्या ओळखीच्या एका घराला फार उशिरा कळलं.

८. शेवटी त्याचा 'या' होणारच

काहीही ठेवा. ऑस्करचा ऑस्क्या होतो, सिंबाचा सिंब्या, मोचीचा मोच्या. कागदावर झ्यूस असलेला एक ग्रेट डेन आमच्या दवाखान्यात झुश्या म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणून नाव निवडतानाच त्याचं लाडाचं आणि रागाचं रूप म्हणून बघा. मोत्या आणि वाघ्या टिकून राहिले त्याला हेही एक कारण असावं, त्यांना आणखी बिघडवायला जागा नाही. लाडाची नावं वाईट नाहीत, पण पहिला महिनाभर घरातल्या सगळ्यांनी एकच रूप वापरावं. नंतर घाला काय गोंधळ घालायचा तो.

९. सूर

बुडापेस्टच्या विद्यापीठात कुत्र्यांना एमआरआय यंत्रात स्वस्थ पडून राहायला शिकवलं आणि हंगेरियन भाषेतली शाबासकी ऐकवली. २०१६ साली त्याचे निष्कर्ष आले. शब्द कौतुकाचा आणि सूरही कौतुकाचा असेल तेव्हाच मेंदूतला आनंदाशी संबंधित भाग उत्तेजित झाला. सपाट सुरातल्या शाबासकीने नाही, आणि कौतुकाच्या सुरातल्या निरर्थक शब्दांनीही नाही. नवं नाव हजेरीपटावरून वाचल्यासारखं घेतात त्या घरांसाठी हे सांगितलं.

१०. नाव म्हणजे 'इकडे ये' नव्हे

नाव म्हणजे 'लक्ष दे'. येण्यासाठी वेगळा शब्द ठेवा. अडीअडचणीला, म्हणजे पट्टा सुटून कुत्रं रस्त्यावर गेलं तर, मी देशी कुत्र्यांना अजूनही 'यू यू' करते. ते त्यांना कुठल्याही नावापेक्षा आधीपासून ठाऊक असतं.

११. ऐकू येतं ना, ते पाहा

पांढऱ्याशुभ्र कुत्र्यांमध्ये जन्मजात बहिरेपण जास्त आढळतं. एका घराने आपल्या पांढऱ्या पिल्लाचं नाव तीनदा बदललं, कुठलंच त्याला 'आवडत' नव्हतं. त्याला दिसणार नाही अशा बेताने मागून किल्ल्यांचा जुडगा वाजवला, तरी ते ढिम्म. अशा कुत्र्याचं नाव म्हणजे हाताची एक ठरलेली खूण, आणि पाठ फिरलेली असेल तर जमिनीवर पायाचा हलका ठोका. त्यालाही खाऊची सगळी पद्धत वरचीच लागू.

१२. कागदपत्रं

लसीचं कार्ड, रेबीजच्या लसीचा दाखला आणि महापालिकेचा परवाना, तिन्हींवर नाव एकच हवं. प्रवासात दाखले तपासतात तेव्हा 'रॉकी म्हणजेच खंड्या' हे समजावत बसावं लागू नये. डॉक्टर पहिल्या काही भेटींत दोन्ही नावं लिहून देतात, तसं मागून घ्या. आमच्या डॉक्टरांच्या कम्पाउंडरने कार्डावर 'खंड्या, पूर्वाश्रमीचा रॉकी' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे.

मायक्रोचिप असेल तर तिच्यात नाव नसतंच, १५ आकडी क्रमांक असतो. तो क्रमांक ज्या नोंदवहीत आहे, तिथे नावापुढे मालकाचा फोन असतो. कुत्रं हरवलं आणि कुणी चिप तपासली तर फोन त्या नंबरवर जाणार. लोक उत्साहाने नाव बदलून घेतात आणि नंबर तसाच राहतो, परदेशी गेलेल्या जुन्या मालकाचा, बंद पडलेला. तो आधी बदला. गळ्यातल्या बिल्ल्यावरही मी नाव घालत नाही, फक्त नंबर कोरून घेते, दोन्ही बाजूंना, कारण एक बाजू घासून जाते.